सकाळच्या सहाची पिन

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. एझ्राला नाही — आणि तो माझा नवरा आहे, रोज रात्री माझ्या शेजारी घोरतो. आईला पत्रात लिहिलं नाही. कोणा मैत्रिणीजवळ बोलले नाही. आणि आज सांगतेय ते मन हलकं करायला, असं समजू नका. मी चिडलेय, म्हणून सांगतेय.

परवाच्या रविवारी आमच्या मंडळींचं जेवण होतं. तिथे एका बाईंनी माझा हात हातात घेतला आणि चारचौघींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "बघा गो, जन्माने आपली नाही, पण सासऱ्याचा शुक्रवारचा दिवा हिनेच सांभाळला." सगळ्या माझ्याकडे मायेने बघायला लागल्या. मला वाटलं, हातातली बशी भिंतीवर आपटावी. काय केलं मी? गोड हसले. हसण्यात मी पटाईत आहे.

तुम्हाला वाटेल, सासू-सासऱ्यांचं नेहमीचं रडगाणं असणार. थोडं आहे तेही. पण यात एक साप आहे.

एझ्रा बेने इस्राएल. म्हणजे कोकणातले ज्यू — बोलणं मराठी, ताटात मासे आणि नारळ, आणि शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे शनिवार संपेपर्यंत कामाला सुट्टी. मी सुनंदा, नाशिकची, हिंदू घरातली. मुंबईत कॉलेजात भेटलो, कोर्टात लग्न केलं आणि कॅनडाला आलो. माझ्या माहेरच्यांनी चार वर्षं पत्राला उत्तर दिलं नाही. सासूबाई रडल्या. सासरे, म्हणजे पप्पा, काहीच बोलले नाहीत. ते काहीच न बोलणं पुढे किती वर्षं चालणार होतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

सासूबाई गेल्यावर पप्पा आमच्याकडे नॉर्थ यॉर्कला आले आणि बेसमेंटमधल्या खोलीत राहू लागले. मुंबईहून येताना स्वतःची भांडी घेऊन आले होते. खाली एक हॉट प्लेट होती, तिच्यावर स्वतःपुरतं शिजवायचे. माझ्या हातचं खायचे नाहीत. भांडण नाही, आरडाओरडा नाही — "तुम्ही त्रास घेऊ नका," एवढंच. हो, मला ते अहो-जाहो करायचे. सुनेला! शेजारच्या कुत्र्याला "ये रे बाबा" म्हणायचे आणि मला "तुम्ही". हा काय मान म्हणायचा? पोस्टमनला देतात तसला मान होता तो.

आणि तो दिवा. शुक्रवारी संध्याकाळी घरातल्या बाईने दिवा लावायचा ही त्यांची रीत. काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर तेल, तेलात वात. आमच्या घरात बाई होती ना — मी होते! पण दिवा पप्पा लावायचे. मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून बघायचे. एकदा धीर करून विचारलं, मी लावू का. तर म्हणाले, "नको, तुम्ही बसा." मी बसले.

बरं, हाच माणूस मुंबईत शनिवारी अर्धा दिवस कामावर जायचा! सापाच्या विषावरचं औषध बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते सापांची देखभाल करायचे. नाग, घोणस, फुरसं, सगळे हाताखालून गेलेले. सासूबाई गेल्यावर मात्र शब्बाथ असा काही पाळायला लागले की शुक्रवारी दिवा लागला की शनिवारी आकाशात चांदण्या दिसेपर्यंत विजेच्या बटणाला हात लावणार नाहीत. दिवा लावायचा नाही, विझवायचा नाही. मी मनातल्या मनात त्यांची टिंगल करायचे. बायको असताना कुठे गेला होता एवढा धर्म? आज कळतं की बायको होती म्हणूनच तेव्हा गरज नव्हती. पण तेव्हा मला कळून घ्यायचंच नव्हतं.

दोन घरं पलीकडे एक शाळामास्तर राहायचा. तो एडमंटनला निघाला. त्याच्याकडे एक साप होता — कॉर्न स्नेक, बिनविषारी, अंगावर शेंदरी पट्टे, जाडीला माझ्या अंगठ्याएवढा. गाडीतून तीन-चार दिवसांच्या प्रवासात त्याला कुठे न्यायचं? पप्पा म्हणाले, मी ठेवतो. मासे ठेवायची काचेची पेटी, वर जाळीचं झाकण, आणि आत ती. मादी होती. पप्पांनी तिचं नाव ठेवलं शेवंती. तिच्याशी ते कोकणातल्यासारखं बोलायचे — "काय गो बाय, भूक लागली?" मी कपडे धुवायच्या मशीनजवळ उभी राहून ऐकायचे.

माझ्या ताटातलं न खाणाऱ्या माणसाने माझ्याच फ्रीझरमध्ये कॉफीच्या डब्यात मेलेले उंदीर ठेवले. मी एका शब्दाने बोलले नाही. खरं सांगू? बरं वाटलं. त्यांची काहीतरी वस्तू माझ्या स्वयंपाकघरात आली होती.

सापांतलं सगळं कळणारा हा माणूस, पण एक गोष्ट त्यांना येत नव्हती. सापाला ऊब देणं. "मुंबईत आम्ही सापांना सावली शोधायचो," ते शेवंतीला सांगत होते, "इथे तुला ऊन कुठून आणू?" जानेवारीत आमच्या बेसमेंटमध्ये मी दोन स्वेटर घालून कपडे वाळत घालायचे. पहिल्यांदा त्यांनी बल्ब पेटीच्या आतच टांगला. शेवंतीने त्याला विळखा घातला आणि पोटाकडचे चार खवले भाजून घेतले. पप्पा आठवडाभर बोटाने तिला मलम लावत होते आणि स्वतःला शिव्या देत होते. मग बल्ब जाळीच्या वर गेला, पत्र्याच्या टोपणाखाली, आणि तोही एका टोकालाच. दुसरं टोक मुद्दाम थंड ठेवलं. साप स्वतः अंग तापवत नाही. ऊब हवी तेव्हा इकडे यायचं, नको तेव्हा तिकडे जायचं. दोन्हीकडे लपायला एकेक खोका. थर्मामीटर आधी वर चिकटवला होता, तो खाली तळाशी आणला, कारण साप छताला राहत नाही. रात्री मात्र तिला अंधार हवा. म्हणून रात्री बल्ब बंद करून पेटीच्या एका टोकाखाली पाठ शेकायचं इलेक्ट्रिक पॅड सुरू करायचं, आणि सकाळी उलट — पॅड बंद, बल्ब सुरू. दोन्ही एकदम चालू राहिलं तर फार तापायचं. आणि पोटात उंदीर असेल तेव्हा दोन दिवस ऊब चुकायची नाही. चुकली तर खाल्लेलं पोटात सडतं. हे सगळं पप्पा तिला समजावून सांगायचे आणि मी ओले कपडे झटकत शिकायचे.

हे मला माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

शनिवारी सकाळी ही दोन बटणं कोण दाबणार? एझ्राची शनिवारी शिफ्ट असायची. त्याला स्वतःला कशाचंच काही नव्हतं, पण बापासमोर तोही ज्यूच. उरले मी. आणि मला सांगायचंही नाही बरं का! जे स्वतः करायचं नाही ते दुसऱ्याला "कर" म्हणायचं नाही. मग पप्पा जिना चढून वर यायचे, स्वयंपाकघराच्या दारात थांबायचे आणि फ्रिजकडे बघून म्हणायचे, "खाली अजून उजाडलं नाही वाटतं." मी उठायचे, खाली जायचे, पॅड बंद, बल्ब सुरू. मग ते म्हणायचे, "हं. उजाडलं." आभार नाहीत. आभार मानले तर काम सांगितल्यासारखं होतं म्हणे.

आलं लक्षात? शुक्रवारचा दिवा लावायला मी चालत नव्हते. शनिवारचा बल्ब लावायला मीच लागत होते. का? तर मी त्यांच्यातली नव्हते म्हणून! त्या घरात माझी सोय होती ती एवढ्यापुरती.

एका डिसेंबरात मी फुटले. स्वयंपाकघरात एझ्रासमोर, चांगल्या तारस्वरात. मी सून नाही, शनिवारची मोलकरीण आहे म्हणाले. पुढच्या वेळी फ्रिजशी बोलायला आले तर त्या फ्रिजलाच सांगा म्हणावं बल्ब लावायला, असंही म्हणाले. एझ्रा घाबरून हात हलवत होता. "सुनंदा, प्लीज! डोन्ट शाउट, व्हेंटमधून खाली सगळं ऐकू जातं. हार्डवेअर स्टोअरमध्ये टायमर मिळतात, मी दोन पिक-अप करून आणतो. प्रॉब्लेम सॉल्व्ह!" इंजिनिअर ना तो. गरम हवेच्या त्या नळीतून आवाज खाली पोचायचाच. मी म्हटलं, ऐकू जाऊ दे.

टायमर आले. भिंतीतल्या प्लगला लावायचे, गोल तबकडीचे. तबकडीचा अर्धा भाग पांढरा, म्हणजे दिवस. अर्धा काळा, म्हणजे रात्र. सकाळचे सहा पांढऱ्यात, संध्याकाळचे सहा काळ्यात. हव्या त्या आकड्यावर छोट्या पिना खोचायच्या; एक पिन सुरू करते, एक बंद. पप्पा दर शुक्रवारी दुपारी चष्मा लावून सगळ्या पिना तपासायचे. सकाळी सहाला बल्ब आपोआप सुरू, पॅड आपोआप बंद; रात्री नऊला उलट.

त्यानंतरच्या शनिवारी कोणी वर आलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. सुटले ना मी? मग नाचायला हवं होतं. आणि मी काय करत होते ठाऊक आहे? शनिवारी लवकर उठून, केस विंचरून, चहा घेऊन दाराकडे तोंड करून बसत होते. आठवड्यातून एकदा तो माणूस माझ्यासाठी जिना चढायचा. तेवढंही गेलं होतं — आणि ते मी माझ्याच तोंडाने घालवलं होतं. पण राग मला त्यांचाच येत होता. दोन-चार डॉलरच्या तबकडीने माझी गरज संपते म्हणजे काय?

किती आजूबाजूला फिरतेय मी. सांगते.

जानेवारीतला शुक्रवार होता. दुपारी पप्पांनी शेवंतीला उंदीर दिला. डबा मीच फ्रीझरमधून काढून दिला होता. त्यांनी पिना तपासल्या आणि दिव्याआधीची अंघोळ करायला गेले. मी कपड्यांची बास्केट घेऊन खाली गेले, बास्केट खाली ठेवली, आणि बल्बच्या टायमरवरची सकाळच्या सहाची पिन उपटून संध्याकाळच्या सहावर खोचली.

एवढंच. आणि पिन काढून खिशात का नाही टाकली, हेही सांगते. काढून टाकली असती तर कोणीतरी काढली हे कळलं असतं. सहाच्या जागी सहा, फक्त पांढऱ्याऐवजी काळ्यात — ही म्हाताऱ्या माणसाची चूक दिसते. हे मी त्या क्षणी, तिथे उभी राहून, नीट विचार करून ठरवलं. रागाच्या भरात झालं असं म्हणणाऱ्या बायकांचा मला तिटकारा आहे. मला राग आला होता, आणि माझं डोकंही ठिकाणावर होतं.

मला काय हवं होतं? त्यांनी वर यावं. माझ्याकडे — फ्रिजकडे नाही — बघून म्हणावं की खाली उजाडलं नाही. बस. मग मी धावत गेले असते.

शनिवारी सहाला पॅड बंद झालं. बल्ब लागला नाही. मी चहा घेऊन बसले. साडेसातला जिन्यावर पावलं वाजली. अर्ध्या जिन्यापर्यंत आली. थांबली. आणि परत खाली गेली. दहाच्या सुमाराला पुन्हा आली, पुन्हा अर्ध्यावरून परत. ते का फिरताहेत हे मला कळत नव्हतं, असं म्हणू? कळत होतं. डिसेंबरातलं माझं ओरडणं त्यांनी व्हेंटमधून शब्दन्‌शब्द ऐकलं होतं. ते माझा मान राखत होते. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस माझं ऐकत होता, आणि मी कप हातात धरून वाट बघत होते की ते कधी मोडतात!

दुपारी मी खाली गेले. पप्पांनी स्वतःची गोधडी पेटीभोवती गुंडाळली होती. खुर्ची ओढून, नुसत्या स्वेटरवर, दोन्ही तळवे गोधडीवर दाबून बसले होते. खोलीत श्वासाची वाफ दिसत नव्हती एवढंच. टायमर माझ्यापासून दोन पावलांवर होता. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "तुम्ही वर बसा. इथे गारठा आहे."

मी वर जाऊन बसले.

संध्याकाळी सहाला बल्ब आपोआप लागला. खालून पप्पांचा आवाज आला, "अरे!" एवढाच.

रविवारी शेवंतीने उंदीर ओकून टाकला. पुढच्या आठवड्यात ती तोंड उघडून श्वास घ्यायला लागली, नाकाशी बुडबुडे यायचे. एझ्राने जनावरांच्या डॉक्टरला फोन केला, तो म्हणाला मी कुत्री-मांजरं बघतो. पप्पांनी ऊब वाढवली, रात्ररात्र थर्मामीटर बघितला. तिसऱ्या आठवड्यात ती मेली. जमीन दगडासारखी गोठलेली, पुरायचं कुठे? बर्फ वितळेपर्यंत बुटांच्या खोक्यात गराजमध्ये होती.

ती मेली त्या दिवशी पप्पा वर आले. पूर्ण जिना चढून. हातात तो टायमर होता. फ्रिजकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पिन मीच चुकीची लावली ना गो?"

गो. हा शब्द त्यांनी सासूबाईंसाठी वापरला होता, बहिणींसाठी, आणि त्या सापासाठी. माझ्यासाठी लग्नानंतर पहिल्यांदा. त्या एका अक्षरासाठी मी सात वर्षं जळत होते, आणि ते आलं तेव्हा मला एक साधं उत्तर द्यायचं होतं — नाही पप्पा, मी.

मी म्हटलं, "हो पप्पा. वय झालं तुमचं. होतं असं."

खरा गुन्हा हा आहे. साप नाही. सापावर रागाने घाव घालणारे पुष्कळ असतात. मी एका धडधाकट माणसाला सांगितलं की तुझं डोकं आता चालत नाही, आणि त्याने ते मान्य केलं.

त्यानंतर ते हॉट प्लेट बंद केली का हे बघायला पाच-पाच वेळा उठायचे. मग भीतीने त्यांनी ती लावणंच सोडलं आणि माझ्या हातचं खायला लागले. बसचा स्टॉप चुकेल म्हणून एकट्याने प्रार्थनेला सिनेगॉगला जाणं बंद केलं. एझ्रा आणि मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाला, या वयाच्या मानाने स्मरण उत्तम आहे. पप्पा परत येताना गाडीत मला म्हणाले, "बरं वाटावं म्हणून बोलतात गो हे लोक." डॉक्टरपेक्षा त्यांचा माझ्यावर विश्वास होता! मी मागच्या सीटवर होते. तेव्हा सांगता आलं असतं. खिडकीतून बाहेर बघत बसले.

आणि मग एका शुक्रवारी त्यांनी मला हाक मारली, काडेपेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू लाव गो. माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

मी लावला. कशी नाही लावणार? किती वर्षं वाट बघितली होती! तीन वर्षं दर शुक्रवारी मी तो दिवा लावला. ते माझ्या मागे उभे राहायचे आणि दर वेळी विचारायचे, "नीट लागला ना गो?" मी म्हणायचे, "हो पप्पा." तीन वर्षं, दर शुक्रवारी, तेच उत्तर, त्याच गोड आवाजात. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं — जेवणाला माणूस, दिवा, गो. फक्त तो माणूस स्वतःच्या हातांकडे परक्यासारखा बघायला लागला होता.

शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये मी नऊ दिवस त्यांच्या उशाशी बसले. नर्सेस म्हणायच्या, सून असावी तर अशी. नऊ दिवस म्हणजे खूप वेळ असतो. एका वाक्याला किती लागतो? ते शुद्धीवर होते, ऐकू स्वच्छ येत होतं. मी त्यांना मोसंबीचा रस भरवला आणि ओठ पुसले.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. दिवा मी अजून लावते. त्या रविवारच्या बाई पुढच्या वेळी भेटतील तेव्हा पुन्हा माझा हात धरतील, आणि मी पुन्हा हसेन, कारण मी स्वतःला चांगली ओळखते. तुम्ही मान हलवू नका. "होतं असं" तर मुळीच म्हणू नका, ते मी म्हणून झालंय.

पिन मी फिरवली. पप्पांनी ती चष्मा लावून, दोनदा तपासून, सकाळच्या सहावर लावली होती. बरोबर लावली होती.